२३ पानांचे संमतीपत्र: अध्यापन रुग्णालयातील औषधचाचणीचा अनुभव

मुंबईतील महापालिकेच्या एका अध्यापन रुग्णालयात मधुमेहावरील नव्या गोळीची तिसऱ्या टप्प्यातील, म्हणजे पुष्कळ रुग्णांवर घ्यायची, चाचणी झाली. माझी आई तिच्यात सहा महिने सहभागी होती आणि डोंबिवलीहून प्रत्येक फेरीला मी तिच्याबरोबर गेलो. रुग्णालयाचे नाव येथे देत नाही, कारण ज्या उणिवेबद्दल मला मुख्यतः लिहायचे आहे ती त्या एकाच ठिकाणची असेल असे मला वाटत नाही. तेथील माणसांबद्दल मला आदर आहे. त्यांनी आमच्या हाती दिलेल्या कागदाबद्दल मात्र गंभीर तक्रार आहे.

आधी माणसांविषयी. नेहमीच्या ओपीडीत केस पेपर काढून डॉक्टरांसमोर पोहोचेपर्यंत अर्धा दिवस जातो आणि प्रत्यक्ष तपासणीला पाच मिनिटे मिळतात. संशोधन विभागाच्या खोलीत पहिल्याच दिवशी समन्वयक बाईंनी आईला सव्वा तास दिला. "मावशी, तुम्ही नाही म्हणालात तरी याच ओपीडीत तुमचे उपचार पूर्वीसारखेच चालू राहतील," हे त्यांनी दोनदा सांगितले, आणि त्याच दिवशी सही न घेता कागद घरी नेऊन वाचायला सांगितला. "ही गोळी माझ्या आधी कोणाला दिली आहे?" या आईच्या प्रश्नावर डॉक्टरांनी पहिल्या दोन टप्प्यांची माहिती शांतपणे दिली. मुंबईत हा प्रश्न फार जुना आहे. प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची चाचणी झाली. तुरुंगातल्या माणसाच्या होकाराला होकार म्हणावे का, हा विचार त्या रात्री २३ पानांचे संमतीपत्र वाचताना माझ्या मनातून जात नव्हता. समोरच्याला न कळलेल्या भाषेत घेतलेला होकारही मला तितकाच अपुरा वाटतो.

आई सातवीपर्यंत शिकलेली आहे आणि रोज वर्तमानपत्र वाचते. तिसऱ्या पानावर "सहभागींचे यादृच्छिक वाटप करण्यात येईल" असे वाक्य होते, तेथे ती थांबली. पुढे "हा अभ्यास दुहेरी-अंध स्वरूपाचा आहे" असे वाचल्यावर तिने कागद खाली ठेवला. मधुमेहाने डोळे जातात हे तिने शेजारच्या घरात पाहिलेले आहे. या गोळीने दृष्टी जाण्याचा धोका असावा, असाच अर्थ तिने लावला आणि दोन दिवस ती त्याच काळजीत होती. पुढच्या भेटीत समन्वयक बाईंनी एका वाक्यात उलगडा केला: कोणाला नवी गोळी आणि कोणाला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते, ते तुम्हालाही कळत नाही आणि आम्हालाही कळत नाही, तुमचे पूर्वीचे औषध मात्र दोन्ही बाबतींत चालूच राहते. हेच वाक्य कागदावर का नव्हते?

कारण विचारले तेव्हा कळले की मूळ मजकूर इंग्रजीत असतो, त्याचे मराठी केले जाते, आणि ते बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी दुसरा अनुवादक त्याचे पुन्हा इंग्रजी करतो. दोष येथेच आहे असे माझे मत आहे. "यादृच्छिक" या शब्दाचे पुन्हा इंग्रजी केले की मूळ शब्द अचूक हाती येतो, त्यामुळे तपासणी निर्दोष ठरते. परंतु ज्या बाईने सही करायची तिला तो शब्द कळला का, हे कोणीच तपासलेले नसते. औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार नीतिशास्त्र समितीत, म्हणजे चाचणीला मंजुरी देऊन सहभागींच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या समितीत, किमान ७ सदस्य, त्यांतले निम्मे संस्थेबाहेरचे, आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो. त्या नागरिकाने केवळ मराठी प्रत हातात घेऊन मोठ्याने वाचावी आणि जेथे अडखळेल तेथे खूण करावी, एवढे झाले तरी पुष्कळ काम होईल.

संमतीपत्रात वार्षिक उत्पन्न आणि नामनिर्देशित व्यक्तीचे नावही विचारतात. नियमानेच ते घ्यावे लागते, कारण चाचणीमुळे मृत्यू झाल्यास भरपाई त्या व्यक्तीला मिळते. पण हे कारण शेजारी लिहिलेले नसल्याने आई दचकली.

भाषेची उणीव किती महाग पडू शकते हे तिसऱ्या महिन्यात दिसले. कागदावर "जेवण टाळू नये" असे होते. आई एकादशी करते, आणि तिच्या लेखी उपवास म्हणजे जेवण टाळणे नव्हे. त्या संध्याकाळी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर बरीच उतरली होती. कागदावरच्या क्रमांकावर फोन केला, तो रात्री साडेनऊला निवासी डॉक्टरांनी लगेच उचलला, आधी साखरपाणी द्यायला सांगितले आणि मग बोलावून घेतले. एक रात्र तिला दाखल ठेवले, एक रुपयाही घेतला नाही, आणि अशी घटना २४ तासांच्या आत औषध नियंत्रकांना, प्रायोजकाला (चाचणी करवून घेणाऱ्याला) व नीतिशास्त्र समितीला कळवावी लागते, त्याप्रमाणे ती कळवल्याचे आम्हाला सांगितले. दुसऱ्या दिवशी समन्वयक बाईंनी चतुर्थी, एकादशी, नवरात्र असे आईचे सगळे उपवास विचारून फाइलमध्ये लिहून घेतले, आणि पुढे इतर सहभागींनाही त्या हे विचारू लागल्या. मला या विभागाचे सर्वांत मोठे कौतुक याचे वाटते.

प्रवासखर्च प्रत्येक वेळी हातात मिळाला. रक्त उपाशीपोटी द्यायचे असल्याने आम्ही पहाटेची लोकल धरत असू आणि नऊपर्यंत आईच्या हातात चहा-बिस्किटे असत. कोणी मला विचारले तर अशा चाचणीत जरूर जा असेच मी सांगेन, मात्र कागदातली प्रत्येक ओळ कळेपर्यंत सही करू नका आणि सही केलेली प्रत मागून घ्या. ती तुमच्या हक्काची आहे.

शेवटच्या भेटीत आईने विचारले, "मला खरी गोळी होती की दुसरी?" सर्वांचे निकाल जमा होऊन, कोणाला कोणती गोळी दिली याची सांकेतिक यादी उघडली की कळेल, असे उत्तर मिळाले आणि ते योग्यच होते. त्याला आता ११ महिने झाले. मध्यंतरी मी फोन केला, तेव्हा बाईंनी आईचे नाव आणि प्रश्न वहीत टिपून घेतला. चाचणीचा नोंदणी क्रमांक आईने देवघराच्या कप्प्यात, त्या संमतीपत्राबरोबर जपून ठेवला आहे, आणि मी घरी आलो की रुग्णालयातून काही कळले का, हे ती अजून विचारते.