जुनी कॉम्पॅक्ट ऑक्सफर्ड, भिंगासकट: फोर्टच्या फुटपाथवरून घ्यावी का?

आधीच सांगते, शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी शोधत असाल तर ही अजिबात घेऊ नका. ही १९७१ ची कॉम्पॅक्ट एडिशन, म्हणजे मूळ ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे सगळे खंड बारीक करून दोनात कोंबलेत, एका पानावर मूळची चार पानं, त्यामुळे चष्मा लावून बसलं तरी नुसत्या मुंग्या दिसतात. म्हणूनच तिच्या खोक्याला वरच्या बाजूला छोटा ड्रॉवर आहे आणि त्यात भिंग. घेताना पहिला तो ड्रॉवर उघडून बघायचा, कारण बरेचदा भिंग गायब असतं आणि विकणारा म्हणतो, मॅडम बाहेर पन्नास रुपयाला मिळतं की. मिळतं हो, पण त्यात एका वेळी अर्धीच ओळ येते आणि वाचता वाचता मान धरते.

मी हुतात्मा चौकाजवळच्या स्टॉलवरून घेतली, घासाघीस करून दोन हजाराला. भिंग होतं, ड्रॉवर मात्र अडकतो, नखाने ओढावा लागतो. वजन प्रचंड आहे, संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये घेऊन चढायचा विचारही करू नका, आणि चर्चगेटपर्यंतच्या भाड्याला टॅक्सीवाले तयार होत नाहीत ते वेगळंच.

मग घ्यायची कशाला? तर जुन्या, अडगळीतल्या शब्दांसाठी. माझा भाचा नॉटिंगहॅमला शिकतो, ऑक्टोबरातच हीटर लावून बसला तर घरमालकीण त्याला म्हणाली तू फार 'नेश' आहेस. घरातल्या छोट्या डिक्शनरीत हा शब्दच नाही. हिच्यात काढला, एन-ई-एस-एच, तर भलीमोठी एन्ट्री. हजार वर्षांहून जुना शब्द, तेव्हा सुरुवातीला एक एचपण होता, गॉथिक या इंग्रजीच्या नात्यातल्या, आता मेलेल्या भाषेत त्याचा भाऊबंद सापडतो, आणि मधल्या शतकांत लोकांनी मनाला येईल तसं स्पेलिंग केलंय ते सगळं ओळीने मांडलेलं. अर्थ जुन्याकडून नव्याकडे येतात आणि प्रत्येकाखाली साल घालून वाक्यं, म्हणजे कुठल्या काळात कोण काय म्हणत होतं ते दिसतं.

आधी नुसतं मऊ. मग कोवळं, आपण भेंडी मोडून बघतो तसलं कोवळं. मग माणसाला लावलं की लेचापेचा, भित्रा. आणि भाच्याला जो लागू झाला तो, थंडी न सोसणारा, हा अजून इंग्लंडच्या उत्तरेला आणि मधल्या भागात बोलण्यात आहे. बाकीच्यांना मराठीत आयते शब्द आहेत, या शेवटच्याला एका शब्दात काही बसेना. नाजूक म्हटलं तर कौतुक वाटतं, लेचापेचा म्हटलं तर शिवी. आमची आई 'थंडीला हळवा' म्हणायची, माझ्या मते तेच बरोबर आहे, त्यात चिडवणंही आहे आणि मायाही. खरं तर हा शब्द मुंबईकरांसाठीच हवा होता. १९६२ च्या जानेवारीत सांताक्रूझला ७.४ डिग्रीपर्यंत पारा उतरला होता म्हणे, आता अठरा झालं की कानटोप्या निघतात आणि एसी लोकलमध्ये तर भर मे महिन्यात बायका शाल घेऊन बसतात, मीही त्यातलीच.

तोटे आहेतच. मूळ काम १९२८ ला संपलं, वर १९३३ ची पुरवणी, त्यापुढचं काही नाही. कॉम्प्युटर शोधलात तर हिशोब करणारा माणूस निघतो! उच्चाराच्या खुणाही त्यांच्या स्वतःच्या जुन्या पद्धतीच्या, आपल्याला सवय नसते, मी त्यांचा नादच सोडून दिलाय. आणि नुसता अर्थच हवा असेल तर मूळ खंडांचे स्कॅन इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहेत, तिथे झूम करता येतं, भिंग लागत नाही. तरी एक शब्द शोधताना शेजारच्या दहा शब्दांत जी तंद्री लागते ती मोबाइलवर लागत नाही, मला तरी नाही.

पाचपैकी चार. घेणार असाल तर दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात ताडपत्रीखाली ठेवलेली असली तरी पानं ओल धरतात, आणि तो वास काही केल्या जात नाही. पहिल्या खंडात ए ते ओ आणि दुसऱ्यात पी ते झेड आहे का तेही बघून घ्या, एकटा खंड स्वस्तात गळ्यात मारतात.