इंजिन माउंट: सॉलिड टाकायचे की रबरचेच ठेवायचे?

इंजिन माउंट म्हणजे इंजिनला गाडीच्या बॉडीशी धरून ठेवणारे आधार. रोज रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर माझं मत सरळ आहे, रबरच ठेवा. सॉलिड माउंट म्हणजे अॅल्युमिनियम नाहीतर स्टीलचा ठोकळा, मध्ये लवचिक काहीच नाही, त्यामुळे इंजिन जागचं हलत नाही, अॅक्सिलरेटर दिला की लगेच ओढ लागते, गिअर पण मस्त पडतात, हे खरंय. पण फोर सिलिंडर इंजिन ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेरे) आयडल असताना, म्हणजे अॅक्सिलरेटर न देता नुसतं चालू असताना, सेकंदाला साधारण २७ वेळा थरथरतं, आणि ती थरथर सगळी बॉडीत उतरते, आरसा धूसर दिसतो, डॅशबोर्ड खडखडतो, सिग्नलला थांबलं की सीटखाली नुसती गुणगुण. रबर हे सगळं गिळतं. बदल्यात इंजिन थोडं डोलतं, आणि वय झालं की रबर चिरतं, मग गिअर टाकताना धप्प आवाज येतो. बरेच जण तेव्हाच सॉलिडकडे वळतात, खरंतर नवं रबर टाकलं तरी भागतं!

एक मात्र करूच नका: इंजिनाला मऊ माउंट आणि गिअरबॉक्सला सॉलिड. रिअर व्हील ड्राइव्हमध्ये (मागच्या चाकांना ओढ मिळते अशा गाडीत) इंजिन पिळतं, गिअरबॉक्स जखडलेला, सगळा ताण त्याच्या केसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, तडा जाऊ शकतो. थोडा कडकपणा हवाच असेल तर पॉलीयुरेथेन (रबरासारखंच, पण जास्त कडक प्लास्टिक) बघा, त्यातलंही मऊ.