सहावी-सातवीसाठीचा सर्किट किट: बल्ब ठीक, एलईडी सांभाळा

सांगलीत गणपती पेठेत मिळणाऱ्या या किटमध्ये दोन पेन्सिल सेलचा होल्डर, 2.5 व्होल्टचे दोन बल्ब, स्विच, लाल एलईडी, 100 ओहमचा रोध आणि 9 व्होल्ट बॅटरीची क्लिप येते. बल्बचे प्रयोग मस्त होतात. दोन्ही बल्ब एकसर जोडले की मिणमिणतात, समांतर जोडले की दोन्ही लख्ख पेटतात. पोरांना फरक लगेच डोळ्यांना दिसतो.

घोळ आहे तो एलईडीत. सोबतच्या कागदावर 100 ओहमच्याच रोधातून एलईडी 9 व्होल्टला जोडायला सांगितलंय. एलईडीवर साधारण 2 व्होल्ट पडतात, उरलेले 7 रोधावर. म्हणजे प्रवाह 70 मिलिअँपिअर! एलईडी झेपवतो जेमतेम 20. तिथे 470 ओहमचा घ्या (पिवळा, जांभळा, तपकिरी पट्टा), 15 च्या आसपास येतो. 100 चा रोध दोन सेलच्या 3 व्होल्टसाठी उत्तम. एलईडीचा लांब पाय धनकडेच.

तांब्याच्या तारेवर लॅकर (वीज जाऊ न देणारा पातळ थर) आहे. टोकं पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, नाहीतर बल्ब पेटणारच नाही आणि दोष सेलवर जाईल. स्विचची पत्ती ढिली आहे, जरा वाकवली की बसते.