चेरी, अमानो की क्रिस्टल रेड: आधी पाणी तपासा, मग श्रिम्प ठरवा

अ‍ॅक्वेरियमच्या टँकमध्ये पाळायचे श्रिम्प, म्हणजे गोड्या पाण्यातल्या इवल्याशा कोळंब्या, घ्यायचे ठरवले की सगळे आधी रंग बघतात, लाल हवेत की निळे की पांढऱ्या पट्ट्यांचे, आणि इथेच गणित चुकतं. पहिला प्रश्न तुमच्या नळाला कसलं पाणी येतं हा आहे. मासे बरंच काही चालवून घेतात, श्रिम्प नाही घेत. त्यामुळे आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचा मीटर आणि पीएच (आम्लता), जीएच (पाण्याचा जडपणा), केएच (पीएच खाली उतरू न देणारे कार्बोनेट) मोजायचं टेस्ट किट आणा, दोनतीन वेगवेगळ्या दिवशी पाणी तपासा आणि मग निवड करायला बसा.

नवीन माणसापुढे बहुतेक तीनच पर्याय येतात, चेरी, अमानो आणि क्रिस्टल रेड.

चेरी म्हणजे निओकॅरिडिना या कुळातले श्रिम्प. पीएच 6.5 ते 8, जीएच 6 ते 10, टीडीएस 150 ते 250 च्या आसपास, तापमान 18 ते 28 डिग्री, एवढ्यात हे मजेत राहतात. थोडं जड पाणी असेल तर उलट चांगलंच, कारण जीएच म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि कवच कडक व्हायला तेच लागतं. बऱ्याच घरी नळाचं पाणी क्लोरीन काढून तसंच वापरता येतं. क्रिस्टल रेडचं पूर्ण उलटं आहे, त्यांना मऊ (कमी क्षारांचं) आणि किंचित आम्ल पाणी लागतं, पीएच 5.8 ते 6.8, जीएच 4 ते 6, केएच जवळपास शून्य. म्हणजे आरओचं, क्षार गाळून काढलेलं पाणी घ्यायचं, त्यात श्रिम्पसाठीची मिनरल पावडर मोजून टाकायची आणि तळाला अ‍ॅक्टिव्ह सॉइल ही खास माती घालायची, जी पीएच खाली धरून ठेवते. ही सॉइल कायम टिकत नाही हे दुकानात फार कमी जण सांगतात, साधारण वर्ष दोन वर्षांत तिची ताकद संपते, पीएच वर सरकायला लागतो आणि टँक नव्याने लावावा लागतो. त्यात कोणी कंटाळा करून केएचवालं नळाचं पाणी ओतत राहिलं तर सॉइल अजूनच लवकर संपते. अमानो या बाबतीत चेरीच्या बाजूने, फार नखरे नाहीत.

तापमानाचंही तसंच. क्रिस्टलना 20 ते 24 बरं, 26 च्या वर गेलं की एकेक मरायला लागतात. पाण्यावर छोटा फॅन लावला तर दोनतीन डिग्री उतरतात हे खरं, पण पाणी भराभर उडतं आणि क्षार मागेच राहतात म्हणून टीडीएस चढत जातो, तर भर घालताना साधं आरओचंच पाणी घालायचं, मिनरलवालं नाही. उन्हाळ्यात खोली तापत असेल आणि कूलिंगची काही सोय नसेल तर क्रिस्टलचा विचार सोडून द्या असं मी स्पष्टच सांगेन.

आता पिल्लं. बऱ्याच जणांना खरं तर हेच बघायचं असतं, आणि इथे चेरीला तोड नाही. मादीच्या मानेमागे कवचातून पिवळसर ठिपक्यासारखं दिसतं, ती तयार होत असलेली अंडी. मग ती कात टाकते आणि पुढचे काही तास टँकमधले सगळे नर वेड्यासारखे इकडून तिकडे पोहत सुटतात, नवीन माणूस घाबरतो की पाण्यात काही बिघडलं की काय, तसं काही नसतं, ते तिला शोधत असतात. नंतर तीच अंडी पोटाखाली येतात, वीसतीस असतात, आणि मादी पोटाखालचे पाय सारखे हलवून त्यांना वारा घालते. साधारण तीनचार आठवड्यांनी, अंड्यात डोळ्यांचे काळे ठिपके दिसायला लागले की समजायचं जवळ आलं, आणि जी पिल्लं बाहेर येतात ती मोठ्यांचीच इवलीशी प्रत असते. वेगळं काही करावं लागत नाही. क्रिस्टलचीही पिल्लं अशीच होतात, फक्त पाणी जरा हललं की पिल्लं आधी जातात. अमानोची मादी मात्र अंडी शेकड्याने धरते आणि त्यातलं एकही पिल्लू गोड्या पाण्यात वाढत नाही, अळ्यांना खारं पाणी लागतं. ज्याला टँकमध्ये गर्दी नको त्याच्यासाठी हा फायदाच समजा.

शेवाळ हा प्रश्न असेल तर सरळ अमानो. जपानचे ताकाशी अमानो यांनी 1980 च्या दशकात आपल्या झाडांच्या टँकमध्ये शेवाळासाठी हे वापरले आणि तेव्हापासून नावच ते पडलं. केसाळ शेवाळ हे खरंच खातात, चेरी फक्त मऊ थर चरतात. पण अमानोला रोज पोटभर दाणे मिळाले तर शेवाळाकडे ढुंकूनही बघत नाहीत, दाणा पायात धरून कोपऱ्यात पळतात आणि माशांचंही खाणं पळवतात. काचेवरचे कडक हिरवे ठिपके मात्र यांच्यातलं कोणीच काढत नाही, ते तुम्हालाच खरवडायचेत. आणि झाकण लागतंच, अमानो पाइपवर चढून बाहेर पडतात.

मासे आधीपासून असतील तरी अमानोच बरे, मादी 5 सेंटीमीटरपर्यंत होते, छोट्या माशांच्या तोंडात मावत नाही. चेरीची पिल्लं जवळपास कुठलाही मासा खातो, भरपूर मॉस (शेवाळासारखी झुबकेदार पाणवनस्पती) असेल तर काही वाचतात. क्रिस्टलसोबत मासे नकोतच.

रंगाचं एक लक्षात ठेवा, लाल, निळे, पिवळे चेरी सगळे एकाच जातीचे, एकत्र ठेवले तर आपसात पिल्लं होतात आणि काही पिढ्यांत तपकिरी मळकट रंग परत येतो, तेव्हा एका टँकला एकच रंग. चेरी आणि अमानो मात्र एकत्र खुशाल ठेवा, त्यांच्यात संकर होत नाही.

काहीही घ्या, टँक आधी पूर्ण सायकल झालेला हवा, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात वाढलेले, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, आणि त्यानंतरही महिनाभर थांबलात तर काचेवर मॉसवर जो बारीक थर जमतो तेच यांचं खरं खाणं. स्पंज फिल्टर लावा, पिल्लं ओढली जात नाहीत. तांबं असलेलं माशांचं औषध यांना विष आहे, आणि खोलीत झुरळा-डासांचा स्प्रे मारला तर अख्खा टँक जाऊ शकतो. पाणी एकदम अर्धं बदलू नका, आठवड्याला 10 ते 15 टक्के, हळूहळू, नाहीतर अवेळी कात पडते आणि कवच नीट सुटत नाही, मानेमागे पांढरी रिंग दिसते, तिथून फार कमी वाचतात. टाकलेली कात काढू नका, तेच ती खातात.

माझं मत विचाराल तर पहिला टँक चेरीचा, 20 लिटरचा चालेल, एकाच रंगाचे दहाएक घ्या आणि त्यांच्या पिशवीतल्या पाण्यात टँकचं पाणी थेंब थेंब देत दोनेक तासांत सोडा. अमानोला 40 लिटर तरी हवेत. क्रिस्टल तेव्हाच घ्या जेव्हा चेरी वर्षभर स्वतःहून वाढत राहिले असतील आणि दर आठवड्याला मीटर हातात घ्यायचा तुम्हाला खरंच कंटाळा येत नसेल.