बजेट पीसीचे नऊ महिने: रात्री जागून घेतलेलं आणि पाच मिनिटांत घेतलेलं

२०२३च्या धनत्रयोदशीला असेंबल करून घेतलेला पीसी आता नऊ महिन्यांचा झाला. बजेट पन्नास हजारांचं होतं, लागले ५२,८००, तेही मॉनिटर धरला नाही तर. दिवाळी, नागपूरचा मे महिना आणि पावसाळ्यातली दमट हवा असं सगळं त्याने बघून झालंय, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आधी पार्ट्स. रायझन ५ ५६०० प्रोसेसर १२,०००, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड २०,५००, बी४५० मदरबोर्ड (सगळे पार्ट्स ज्यावर बसतात तो) ६,२००, १६ जीबीची एक रॅम ३,३००, ५०० जीबीची एनव्हीएमई (फाइली साठवायची ड्राइव्ह) २,९००, ५५० वॅटची ब्राँझ दर्जाची एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ४,१००, कॅबिनेट ३,८००.

प्रोसेसरवर मी आठवडाभर रात्री जागवल्या. इंटेलचा आय३-१२१००एफ घेतला असता तर चार हजार वाचले असते, पण तो चार कोरचा आणि हा सहाचा. ५६००जी घ्या, त्यात ग्राफिक्स आहेच, असं दोघांनी सुचवलं. पण त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी, म्हणजे ५६००च्या निम्मी. वेगळं कार्ड घ्यायचंच होतं, मग ती तडजोड कशाला? खरं सांगायचं तर त्या प्रोसेसरची आठवण मला गेल्या नऊ महिन्यांत एकदाही आली नाही. सोबत आलेल्या छोट्या पंख्यावर तो गुपचूप चालतोय.

बोर्डाचंही तेच. बी४५० म्हणजे पीसीआयई (कार्ड आणि बोर्ड जोडणारा मार्ग) ३.०, आणि आरएक्स ६६०० हे ४.०चं कार्ड, त्यातही आठच लेनचं, म्हणजे डेटाच्या वाटा आठच. त्यावरून वाद घालणारे भरपूर भेटले. माझ्या खेळांत मला काही फरक दिसला नाही. हेच कार्ड ६५०० एक्सटी असतं तर चित्र वेगळं होतं, कारण त्याला चारच लेन आणि मेमरी ४ जीबी. तिथे जुना बोर्ड खरोखर नडतो.

छळलं ते पाच मिनिटांत उरकलेल्या पार्ट्सनी.

पहिली रॅम. ‘आत्ता एक टाकू, दुसरी नंतर बघू’ म्हणून १६ जीबीची एकच काडी लावली. व्हॅलोरंट खेळात एफपीएसचा (सेकंदाला किती चित्रं) आकडा दोनशेच्या वर, पण सायबरपंकमध्ये गाडी चालवताना मध्येच झटके. कार्डालाच दोष देत बसलो होतो. महिन्याभराने सहज टास्क मॅनेजर उघडला तर स्पीड २१३३! डब्यावर मात्र ३२०० छापलेलं. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापलेल्या स्पीडवर चालवायचा पर्याय, चालूच केला नव्हता. दुकानदाराने नाही आणि मीही नाही. तो चालू केला, थोडा फरक पडला. संक्रांतीला तशीच दुसरी काडी टाकली, तेव्हा कुठे झटके थांबले. दोन काड्या म्हणजे दोन चॅनल, त्यामुळे मेमरीची बँडविड्थ (डेटा नेण्याची क्षमता) कागदावर तरी दुप्पट होते. पहिल्याच दिवशी ८-८ची जोडी घेतली असती तर पैसे जवळपास तेवढेच पडले असते.

मॉनिटरची गोष्ट सांगायलाही लाज वाटते. १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा) घेतला आणि दोन आठवडे ६० हर्ट्झवर खेळलो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा स्वतः बदलावा लागतो हे माहीतच नव्हतं. नवीन मॉनिटरमुळे किती स्मूथ वाटतंय, असं त्या दोन आठवड्यांत माझं मित्राला सांगूनही झालं होतं.

आणि कॅबिनेट. समोर काच, आत रंगीत दिव्यांचे तीन पंखे. दुकानात बघताक्षणी आवडलं. दिवाळीत काहीच कळलं नाही. मेमध्ये दुपारी खोलीत ४० अंश, आणि कार्ड ८३वर, हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात तापलेला भाग) शंभरीला टेकलेला. पंख्यांचा आवाज इतका की आई दारात येऊन म्हणाली, “घरात एक कूलर आहे ना, हा दुसरा कशाला आणला?” समोर हात धरून बघितला. तीन पंखे फिरतायत आणि हवा ओढायला कडेला बोटभर फट! काच काढली, दहा मिनिटांत कार्ड ७४वर. मग एएमडीच्याच सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज थोडं खाली आणलं, आणखी तीन-चार अंश उतरले आणि एफपीएस जागच्या जागी. ती काच आईने सांडग्यांवर झाकायला नेली, ती अजून परत आलेली नाही.

काच गेली तशी धूळ आली, हे ओघानेच आलं. त्यात आपल्याकडचा कूलर. वाळ्याच्या ताट्यांचे तुसे हवेबरोबर उडतात आणि थेट कार्डाच्या पंख्यात जाऊन बसतात. महिन्यातून एकदा ब्लोअर मारतो. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते गरागरा फिरून बेअरिंगची वाट लागते. पीसी कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. मी ठेवला होता, बोर्डावर ओल दिसली तेव्हा हलवला.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो होतो, आणि त्याचं समाधान आहे. दुकानदार कॅबिनेटसोबत ‘फ्री’ एसएमपीएस देत होता, डब्यावर ४५० वॅट आणि कंपनीचं नाव कुणी न ऐकलेलं. ते घेतलं असतं तर चार हजार वाचले असते. जूनच्या पहिल्या वादळात आमच्या गल्लीत तासाभरात चार-पाच वेळा लाईट गेली-आली, आणि पीसी साफ उभा राहिला. थोडं श्रेय ६०० व्हीएच्या यूपीएसचंही आहे. तो ३६० वॅटच देतो, पण कार्डच जास्तीत जास्त १३२ वॅट घेत असल्याने मॉनिटरसकट भागतं. खेळ सेव्ह करून बंद करण्याएवढा वेळ मिळतो, पुढे खेळायचा हट्ट धरू नये.

५०० जीबी कमी पडतेच. विंडोजमध्ये दिसते ४६५, आणि एकटं बाल्डर्स गेट ३ दीडशे जीबी मागतं. दर महिन्याला एक खेळ काढायचा, एक टाकायचा. दसऱ्याला १ टीबीची घेणार आहे. मित्र म्हणतो, त्यापेक्षा ५७००एक्स३डी हा वरचा प्रोसेसर टाक, तुझ्याच बोर्डावर बसतो. बसतो, हे खरं. पण आधी जाळीचं कॅबिनेट, मग बाकीचं.