आजीबाई तीनशे रुपये मागत होत्या

लिहायला लाज वाटते. चौदा वर्षं कंपनीत खरेदी विभाग सांभाळतोय, सप्लायरच्या कोटेशनमधली खोट मला वास आल्यासारखी कळते. आणि आईसाठी वृद्धाश्रम शोधताना मलाच 1,91,900 रुपयांची टोपी बसली. नोंदणी 5,100, डिपॉझिट 1,50,000, पहिल्या महिन्याचे 32,000 आणि चादरी-डायपरच्या 'किट'चे 4,800.

आई 78 वर्षांची, डिमेन्शिया. नागपुरात राहतो, त्रिमूर्ती नगरात, पण तिला रोज महाल भागातल्या जुन्या घरी जायचं असतं. ऑगस्टमध्ये पहाटे तीनला कडी काढून निघाली. प्रताप नगर चौकात एका ऑटोवाल्यानं अडवली. एका पायात चप्पल, हातात पोळ्यांचा डबा. तेव्हापासून बायको आणि मी आळीपाळीनं जागत होतो. 'एवढा शिकलेला माणूस फसला कसा' म्हणणाऱ्यांनी आधी चाळीस रात्री तशा काढून पाहाव्यात.

वर्धा रोडच्या आतल्या एका ले-आउटमधल्या बंगल्यात हा वृद्धाश्रम. चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, एकच बेड उरलाय, दुपारी भंडाऱ्याहून दुसरी पार्टी बघायला येणार आहे, वगैरे.

हॉलमध्ये पाच म्हातारी माणसं खुर्च्यांवर ओळीनं बसलेली. गाद्यांवरचं प्लास्टिक तसंच होतं, मला वाटलं, वा, स्वच्छता! तेवढ्यात एका आजीबाईंनी मॅडमचा पदर धरला, "बाई, आजचे तीनशे देता ना?" मॅडम माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "दिवसभर हेच चालतं हो यांचं." आणि मी मान हलवली. मान हलवली! कारण आमची आईही दिवसातून दहादा दूधवाल्याचे पैसे द्यायला निघते. त्या खोलीत एकच माणूस खरं बोलत होतं आणि मी त्यालाच वेडं ठरवलं. रोज रात्री हे आठवतं.

यूपीआयवर संस्थेऐवजी कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं होतं, "आमचे अकाउंटंट" म्हणाल्या. ते नाव वाचत जा. आणि अशी जागा सकाळी अकराला पाहू नका, संध्याकाळी सहानंतर न सांगता जा. या आजारात दिवे लागायच्या वेळी बरीच माणसं बेचैन होतात. तेव्हाही सगळे गुपचूप बसलेले दिसले तर काहीतरी गडबड असू शकते.

ठरल्या दिवशी आईची बॅग घेऊन गेलो तर गेटला कुलूप. शेजारचे म्हणाले, महिनाभरासाठीच भाड्यानं घेतलं होतं. आई गाडीत विचारत होती, "महाल आला काय रे?"

पहिलं ठाणं म्हणालं, आमची हद्द नाही. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवावी लागते, नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 173 मध्ये स्पष्ट आहे. मी तसं म्हटल्यावर साहेब म्हणाले, "वकील आहात काय?" दुसऱ्या ठाण्यात पावती पाहून, "लिखापढी झाली ना, मग हा दिवाणी मामला." तिसऱ्या खेपेला, "पैसे तुम्हीच पाठवले ना? कोणी हिसकले तर नाही?" चौथ्या खेपेला ज्यांच्याकडे अर्ज होता ते रजेवर. एका सरकारी कार्यालयात तर बाईंनी मलाच सुनावलं, "आईला घरी का नाही ठेवत?" रात्री तीनला या म्हटलं आमच्याकडे, ड्यूटी लावतो तुमची.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी सहा दिवसांनी फोन केला, ही चूक माझी. त्याच तासात करा, पैसे खात्यात असेपर्यंतच अडवता येतात. आता ग्राहक आयोगात जातोय. 5 लाखांपर्यंत दिले असतील तर तिथं फी लागत नाही.

परवा एका देवळाबाहेर त्याच आजीबाई वाती विकताना दिसल्या. मला लगेच ओळखलं.

"ते बाई भेटली काय तुमाले? माहे तीन दिवसाचे नऊशे बाकी हायेत."

ठाण्यात येऊन सांगाल का, विचारलं.

"येतो ना. ऑटोचे पैसे तुम्ही द्यान काय?"