आधी पत की आधीच विरोध?

"पन्नास जणांत आम्ही दोघीच वेगळं बोलतोय. पहिल्या दिवसापासून अडून बसायचं, की आधी त्यांच्यात मिसळून मग तोंड उघडायचं?" एकीनं विचारलं.

अडून बसण्याचा मार्ग मानसशास्त्रज्ञ मॉस्कोविसीचा. 1969 च्या प्रयोगात सहा जणींच्या गटात संशोधकांनी आधीच शिकवून बसवलेल्या दोघी निळ्या स्लाइडला 'हिरवी' म्हणायच्या. 36 पैकी 36 वेळा म्हणाल्या तेव्हा इतरांची 8.42 टक्के उत्तरं 'हिरवी' आली. 24 वेळाच म्हणाल्या तेव्हा फक्त 1.25. आकडा छोटा, पण निळा रंग डोळ्यांसमोर होता हो!

मानसशास्त्रज्ञ हॉलंडरचा मार्ग (1958) उलटा: आधी गटाचे नियम पाळा, उपयोगी पडा, पत जमवा, मग ती खर्च करा.

त्रास पहिल्यात जास्त, टोमणे लगेच सुरू. दुसऱ्यात पत जमवता जमवता मूळ मुद्दाच विसरतो. मला हे जास्त घातक वाटतं. वेळ दोन्हीकडे लागतोच. टिकाऊपणात पहिला सरस: लोक चारचौघांत मान डोलवत नाहीत, पण मनातल्या मनात विचार करत राहतात. श्रेय मात्र विसरा.

गटात जुन्या असाल आणि मुद्दा कामाच्या पद्धतीचा असेल, तर पत वापरा. नव्या असाल आणि मुद्दा न्यायाचा असेल, तर ठाम राहा. फक्त तपशिलात थोडी तडजोड करा, नाहीतर हेकेखोर ठराल.